आत यायला उघडं, बाहेर जायला बंद

ऑक्टोबर सरत आलेला. अमावास्येच्या आसपासची रात्र, एड्रियाटिकवरून सुटलेला वारा, आडवा पाऊस आणि समुद्राला भरती. अशा रात्री कुठल्याही किनाऱ्यावरचा शहाणा कोळी होडी वर ओढतो आणि घरात बसतो. कोमाक्योतला कोळी मात्र वर्षभर याच रात्रीची वाट पाहत असतो. तो होडी काढत नाही, जाळंही टाकत नाही. कालव्यावरची झडप उचलतो आणि समुद्राचं थंड पाणी आत घेतो. पुढचं काम मासाच करतो.

कोमाक्यो हे इटलीच्या ईशान्येला, पो नदीच्या त्रिभुज प्रदेशातलं गाव. जिल्हा फेरारा. किनाऱ्यावरच्या वाड्यावस्त्या धरून नगरपालिकेची लोकसंख्या बावीस हजारांच्या घरात. जुनं गाव त्याहून कितीतरी लहान. मूळ वस्ती तेरा बेटांवर झाली असं सांगतात, आणि बेटं म्हणजे तरी काय, नदीने आणि समुद्राने मिळून साचवलेले गाळाचे नि वाळूचे उंचवटे. मधून कालवे, कालव्यांवर विटांचे पूल, पाण्याकडे तोंड केलेली ठेंगणी रंगीत घरं. पर्यटनाच्या पत्रकांत याला हटकून 'छोटी व्हेनिस' म्हणतात. ज्या व्हेनिसने हे गाव जाळलं, तिच्याच नावाने ते ओळखायचं, हा जरा क्रूर विनोद आहे. त्याकडे पुढे येऊच.

गावाच्या दक्षिणेला पसरलंय ते खरं कोमाक्यो. तिथल्या भाषेत 'वाल्ली'. हे अनेकवचन; एकवचन 'वाल्ले', आणि इटालियनमध्ये एरवी त्याचा अर्थ दरी. पण या सपाट मुलखात डोंगरच नाहीत, तर दरी कुठली असणार? इथे वाल्ले म्हणजे बांध घालून वेढलेलं उथळ खारं पाणी. आज उरलेलं पाणी सुमारे अकरा हजार हेक्टर, आणि खोली बहुतेक ठिकाणी अर्धा ते एक मीटर. कोकणात नि गोव्यात खाजण पाहिलेल्या माणसाला हे चित्र चटकन कळेल. गोव्याच्या खाजणाला मानस असते, म्हणजे बांधातलं लाकडी दार. ओहोटीला पाणी बाहेर निघतं तेव्हा तिथे जाळं लावून मासळी धरतात. कोमाक्योत नेमकं उलटं चालतं. तिथे मासा पकडतात तो समुद्राचं पाणी आत येत असताना, कारण तिथला मासा पाण्याबरोबर वाहत नाही, पाण्याच्या विरुद्ध निघतो.

तो मासा म्हणजे ईल. आपल्याकडे बाजारात वाम म्हणतात त्या वळणाचा, सापासारखा. मुंबईच्या बाजारातली दातेरी वाम मात्र समुद्रातच राहणारी. कोमाक्योची वाम खाऱ्या पाण्यात जन्मते, गोड्या-मचूळ पाण्यात वाढते आणि शेवटी जिथे जन्मली तिथे परत जायला निघते. कोमाक्योचा सगळा इतिहास या परतीच्या वाटेवर बसवलेल्या एका दारापाशी घडला, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

वर्षाचं वेळापत्रक असं. फेब्रुवारी ते एप्रिल हा आत घ्यायचा काळ. आतलं पाणी समुद्राकडे सोडलं जातं आणि त्या गोडसर धारेचा वास धरून पारदर्शक पोरं वर चढतात. एकेक पोर सहा-सात सेंटिमीटरचं, काचेच्या दोऱ्यासारखं. वजन इतकं कमी की किलोला तीन हजारांच्या आसपास भरतात. यांच्याबरोबर बोय, सी-बास, ब्रीम यांचीही पिल्लं येतात. मग दारं लागतात. उथळ पाणी उन्हाने तापतं, त्यात कोळंबीवर्गातले जीव, किडे आणि बारीक मासळी भरपूर, आणि वाम वाढत राहते. पाच वर्षं, दहा वर्षं, कधी त्याहून जास्त. या काळात ती पिवळट-हिरवी असते, दिवसा चिखलात पडून राहते, रात्री खाते. नर अर्ध्या मीटरच्या आतच थांबतो आणि लवकर निघतो. माद्या रेंगाळतात आणि दांडग्या होतात. म्हणून एक किलोची वाम हातात आली की ती मादीच समजायची.

मग एका शरद ऋतूत तिचं रूप पालटतं. पाठ काळसर, पोट चांदीसारखं, डोळे मोठे, कातडी जाड. खाणं बंद होतं आणि आतडं आक्रसून जातं. वजनाचा पाचवा ते चौथा हिस्सा चरबी साठलेली असते, कारण आता पुढचा सगळा प्रवास उपाशीपोटी करायचा आहे. ती वाट पाहते अंधाराची आणि वादळाची. चांदणं असलं की हलत नाही. म्हणून इथली पकड चंद्रावर बेतलेली. कृष्ण पक्षाच्या शेवटच्या रात्री, त्यात वारा आणि पाऊस असला तर सोन्याहून पिवळं.

उत्तर एड्रियाटिकची भरती तशी लेचीपेची. मुंबईला उधाणात पाणी साडेचार-पाच मीटर चढतं. इथे जेमतेम मीटरभर. इतक्या कमी चढउतारावर हजारो हेक्टर पाणी खेळतं ठेवायचं म्हणजे कुठली झडप कधी उघडायची, किती बोटं उघडायची आणि कधी टाकायची, यातच सारं कसब आलं. भरतीला झडप उघडली की समुद्राचं गार, ताजं पाणी कालव्यातून वाल्लेत शिरतं. उन्हाळाभर तापून खारट झालेल्या पाण्यात तो थंड धागा वामीला लगेच कळतो. ती त्या प्रवाहाला तोंड देऊन समुद्राकडे निघते. आणि वाटेत असतो लावोरिएरो.

लावोरिएरो हा सापळा आहे, पण त्यात आमिष नाही, गळ नाही, जाळंही नाही. कालव्याच्या रुंदीभर एकामागून एक पाचरीच्या आकाराचे कप्पे उभे केलेले असतात. प्रत्येक पाचरीचं टोक समुद्राकडे, रुंद तोंड वाल्लेकडे. जुन्या काळी भिंती बोरूच्या असायच्या: बोटाएवढ्या जाडीचे बोरू शेजारी शेजारी बांधून केलेल्या चटया, चिखलात ठोकलेल्या खांबांना जखडलेल्या. पाणी आरपार जातं, मासा जात नाही. टोकाशी दोन्ही चटयांची तोंडं एकमेकांना नुसती टेकवलेली असतात, बांधलेली नसतात. मासा नाकाने रेटतो, बोरू लवचीकपणे बाजूला होतात, मासा पुढच्या कप्प्यात जातो आणि बोरू मागे पुन्हा मिटतात. परत फिरायचं म्हटलं तर समोर येते पाचरीची टोकेरी बाजू, आणि ती दाबली की आणखी घट्ट मिटते.

पहिल्या कप्प्यांत सगळेच येतात. बोय, सी-बास, ब्रीम तिथेच राहतात, कारण त्यांच्या अंगाला उंची आहे. वाम पुढे सरकते. तिच्या सडपातळ, बुळबुळीत अंगाला पुढची अरुंद फट पुरते आणि ती शेवटच्या छोट्या कप्प्यात पोचते. म्हणजे मासळी निवडायचं कामही सापळाच करून टाकतो: अलीकडे इतर मासे, पलीकडे निव्वळ वाम. सकाळी नुसतं झोळीच्या जाळ्याने उपसायचं. आता भिंती काँक्रीटच्या आणि जाळ्या धातूच्या झाल्यात, पण आराखडा तोच.

सोळाव्या शतकात फेराराच्या दरबारी असलेला कवी तोर्क्वातो तास्सो याला हे यंत्र माहीत होतं. धर्मयुद्धावरच्या आपल्या महाकाव्यात त्याने एका योद्ध्याच्या फसगतीला कोमाक्योच्या माशाची उपमा दिली: खवळलेल्या समुद्रापासून पळून शांत पाणी शोधणारा मासा आपणहून अशा कोंडवाड्यात शिरतो, जो आत यायला सदा उघडा आणि बाहेर जायला बंद. युरोपच्या वाङ्मयात मासे पकडण्याच्या सापळ्याचं इतकं नेमकं तांत्रिक वर्णन दुसरं असेल असं वाटत नाही.

बिघडतं काय काय, तेही सांगितलं पाहिजे. वादळाबरोबर शेवाळ आणि काडीकचरा येतो, तो चटयांना चिकटतो. पाण्याला वाट राहत नाही, दोन्ही बाजूंच्या पातळीत फरक पडतो आणि त्या दाबाने बोरूची भिंत फुटते. फुटली की वर्षाची कमाई एका रात्रीत समुद्रात. म्हणून वादळी रात्री माणसं लांब दांड्यांचे फावडे घेऊन सतत कचरा ओढत उभी. कधी उलट संकट, वाम एका दमात इतकी येते की शेवटचे कप्पे ठासून भरतात आणि चेंगरून मरायला लागतात. अशा वेळी काठावर जाळ पेटवायचे. उजेड दिसला की मागची झुंड थबकते. जो प्राणी चांदण्याला बिचकतो त्याला थोपवायला मशालीइतका स्वस्त पहारेकरी नाही. हिवाळ्यात उथळ पाणी गोठू लागलं की ब्रीम आधी दगावतो. त्याला खोल खणलेल्या चरांत वेळेवर हलवावं लागतं. आणि उन्हाळ्यात वारा पडला, शेवाळ कुजलं, की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि सकाळी मेलेल्या माशांचा थर तरंगताना दिसतो. त्यावर इलाज एकच: झडपा आधीपासून नीट राखणं आणि पाणी फिरतं ठेवणं. झाल्यावर काही करता येत नाही.

पकडलेली वाम लगेच मारत नाहीत. विणलेल्या गोल करंड्यांत, 'बोलागे'त, घालून कालव्यात बुडवून ठेवतात, किंवा 'मारोत्ता' नावाच्या होडीत. या होडीचा तळ मुद्दाम भोकं पाडलेला असतो. होडीच पाण्याने भरलेली, त्यात जिवंत मासळी, आणि ती दुसऱ्या होडीमागे ओढत न्यायची. बुडालेली होडी ओढत नेणारे लोक म्हणून शेजारच्या गावांनी त्यांची किती थट्टा केली असेल, देव जाणे.

दारावर इतकी हुकूमत असलेल्या या लोकांना मासा स्वतः कोण, हे मात्र शतकानुशतकं ठाऊक नव्हतं. दरवर्षी लाखो वामी हातांखालून जायच्या आणि एकीच्याही पोटात अंडी सापडायची नाहीत. ॲरिस्टॉटलने ती चिखलातून उपजते असं लिहून ठेवलं होतं. १७०७ मध्ये कोमाक्योतल्या एका वैद्याला पोट फुगलेली वाम दिसली; त्याने ती पादुआच्या प्राध्यापक वाल्लिस्नेरीकडे पाठवली आणि विद्वानांत गाभोळीचा मोठा गाजावाजा झाला, पण ते काही खरं नव्हतं. खरी बीजकोशं १७७७ मध्ये बोलोन्याच्या कार्लो मोंदिनीने दाखवली. १७९२ मध्ये निसर्गशास्त्रज्ञ लाझ्झारो स्पाल्लांझानी स्वतः कोमाक्योला आला आणि कोळ्यांना खोदून खोदून विचारून गेला. अंडी घेऊन चाललेली वाम कुणीच पाहिली नव्हती. १८७६ मध्ये त्रिएस्तेला विशीतल्या सिग्मुंड फ्रॉइडने सुमारे चारशे वामी चिरल्या, नराची वृषणं शोधत. पुढे त्याने शोधाचा विषय बदलला, हे जगाला माहीत आहे.

कोडं अर्धं सुटलं ते १८९६ च्या सुमारास. जोव्हान्नी बात्तिस्ता ग्रास्सी आणि साल्वातोरे कालांद्रुच्चो यांनी मेस्सीनाच्या सामुद्रधुनीत सापडणारा पानासारखा चपटा, पारदर्शक जीव हौदात ठेवला आणि तो वामीचं पोर होताना पाहिला. तोवर तो वेगळाच मासा मानला जायचा. १९२२ मध्ये डेन्मार्कच्या योहानेस श्मिटने वर्षानुवर्षं समुद्र चाळून सांगितलं की सर्वांत लहान अळ्या अटलांटिकच्या पलीकडच्या भागात, सार्गासो समुद्रात मिळतात. म्हणजे कोमाक्योच्या कालव्यातून निघालेल्या वामीला सहा-सात हजार किलोमीटर जायचं असतं. तिला तिथे अंडी घालताना आजतागायत कुणी पाहिलेलं नाही. लावोरिएरो त्याआधी कित्येक शतकं बिनचूक चालू होता. ज्ञान नसतानाही कौशल्य किती पुढे जाऊ शकतं, याचा याहून चांगला नमुना शोधून सापडणार नाही.

गावाची पहिली श्रीमंती मात्र माशाची नव्हती, मिठाची होती. आठव्या शतकाच्या पूर्वार्धात उत्तर इटलीवर राज्य करणाऱ्या लाँगोबार्द लोकांचा राजा लिउत्प्रांद याने कोमाक्योच्या व्यापाऱ्यांशी करार केला. साल ७१५ धरतात, काही जण ७३०. पो नदीतून वर जाताना कुठल्या घाटावर किती जकात द्यायची, याची ती यादी आहे. बहुतेक जकात मिठाच्या मापात. पण पार्माच्या घाटावर एक सोन्याचं नाणं, एक पौंड तेल, एक पौंड गारूम, म्हणजे आंबवलेल्या माशांची रोमन चटणी, आणि दोन औंस मिरी. मिरी! त्या काळी ती बहुतेक मलबारहूनच यायची. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून निघालेली मिरी अरबी समुद्र, इजिप्त आणि बायझंटाइन बाजार ओलांडून या चिखलातल्या बेटांपर्यंत पोचत होती, आणि इथले लोक ती होडीत घालून आणखी आत विकत होते. म्हणजे तेव्हा पोचं मुख कोमाक्योच्या हातात होतं आणि व्हेनिस अजून डोकं वर काढत होती.

तिने ते काढलं, आणि शेजारी मिठागरं असलेला प्रतिस्पर्धी तिला नको होता. ९३२ मध्ये व्हेनिसचा दोजे, म्हणजे तिथला सत्ताप्रमुख, पिएत्रो कांदियानो याच्या माणसांनी कोमाक्यो जाळलं. १५०९ मध्ये, फेराराच्या एस्ते घराण्याशी चाललेल्या युद्धात, पुन्हा लुटलं. जुनी मिठागरं अशी मोडली. आज दिसणाऱ्या मिठागराची आखणी फ्रेंच अमलातली, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची; तेही १९८४ मध्ये बंद पडलं. त्या सहाशेएक हेक्टरांवर २००० पासून फ्लेमिंगो घरटी करतात. ठाण्याच्या खाडीत थव्याने दिसणारे फ्लेमिंगो तिथे फक्त चरायला येतात, घरटी दुसरीकडे. इथे बंद मिठागराचे पडके बांधच त्यांना विणीला सोयीचे झाले.

१५९८ मध्ये फेरारा पोपच्या राज्यात गेलं आणि कोमाक्योही. गावाचं आजचं रूप त्या राजवटीतलं. पोपचा प्रतिनिधी कार्डिनल पाल्लोत्ता याने समुद्राकडचा कालवा नीट करून घेतला आणि त्याच्या तोंडावर १६३४ च्या सुमारास रावेन्नाच्या लुका दानेसीकडून पूल बांधवला. त्रेप्पोंती. नावात तीन पूल, प्रत्यक्षात एकच, आणि जिने पाच: तीन पुढे, दोन मागे, सगळे चढून वरच्या चौकात मिळतात. खाली कालवे एकमेकांना भेटतात. पुढच्या दोन बुरूजवजा चौक्या नंतरच्या. विटा लाल, पायऱ्यांना इस्त्रियाचा पांढरा दगड. फोटोत तो शोभेचा वाटतो, पण तिथे उभं राहिलं की कळतं, ही समुद्राकडून गावात येणाऱ्या प्रत्येक होडीच्या डोक्यावर ठेवलेली जकातचौकी आहे. हेही दारच. शेजारी जुना मासळीबाजार, विटांच्या कमानींचा. आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला कापुचिन साधूंच्या मठाकडे जाणारी १६४७ ची कमानींची रांग: १४२ कमानी. माशाच्या उत्पन्नावर केवढं बांधलंय!

पण ज्यांच्या हातांनी हे उत्पन्न यायचं त्यांना मासा मिळत नव्हता. वाल्ली आधी एस्ते घराण्याच्या, मग पोपच्या खजिन्याच्या, वापर मक्त्याने. कामगारांना 'वाल्लांती' म्हणत. ते पाण्यातल्या एकाकी विटांच्या चौक्यांत, 'कासोनी'त, हंगामभर राहायचे. एका चौकीतल्या गड्यांना 'फामिल्या', म्हणजे कुटुंब म्हणायचे आणि वर एक मुकादम. कोक्कालीनो, पेगोरारो, सेरीला ही त्यातल्या काही चौक्यांची नावं. आजही होडीने दाखवतात. गावात उरलेल्यांना चोरीशिवाय पर्याय नव्हता. त्यांना 'फ्योचिनीनी' म्हणत, फ्योचिनावरून, म्हणजे अनेक दातांचा मासे मारायचा भाला. अरुंद, हलकी, पळणारी होडी. पुढच्या काळात तिला दुचाकीच्या जुन्या नावावरून 'व्हेलोचिपेदे' म्हणू लागले. रात्री निघायचं, चिखलात भाला खुपसत जायचं, पहारेकऱ्याची चाहूल लागली की अंधारात नाहीसं व्हायचं. सरकारदरबारी हे चोर. गावाच्या दृष्टीने, आपल्याच अंगणातलं आपण घेतो, त्यात चोरी कसली? जंगल खात्याच्या हद्दीशेजारी राहणाऱ्या कुणालाही हा वाद नवा वाटायचा नाही.

ही अंधारातली पायवाटेसारखी जलवाट एकदा इतिहासाच्या कामी आली. ऑगस्ट १८४९ मध्ये रोमचं प्रजासत्ताक पडल्यावर इटलीच्या एकीकरणासाठी लढणारा गारिबाल्डी ऑस्ट्रियनांना चुकवत कोमाक्योच्या किनाऱ्यावर उतरला, सोबत तापाने फणफणलेली गरोदर बायको अनिता. कोमाक्योच्या नीनो बोन्नेतने त्यांना वाल्लीतून होडीने पलीकडे काढून दिलं. ४ ऑगस्टला मांद्रियोलेच्या एका शेतघरात अनिता गेली. त्यांचा साथीदार, पाद्री उगो बास्सी, कोमाक्योतच पकडला गेला. ८ तारखेला बोलोन्यात त्याला गोळ्या घातल्या. जवळच्या मान्यावाक्का बंदराचं नाव १९१९ मध्ये पोर्तो गारिबाल्दी झालं.

आता पुन्हा माशाकडे, कारण तो करंड्यात जिवंत आहे आणि बाजार लांब आहे. नाताळच्या आदल्या रात्री रोम-नेपल्सला मोठी मादी हवीच असते. तिथे तिला 'कापितोने' म्हणतात. थोडी जिवंत जायची. बाकीची टिकवायची, आणि तेही सगळी एकाच दोन-अडीच महिन्यांच्या हंगामात. त्यासाठीचा कारखाना म्हणजे 'मानिफात्तुरा देई मारिनाती'. १९९२ मध्ये तो बंद पडला होता, २००४ पासून पुन्हा चालू आहे, अर्धा संग्रहालय नि अर्धा खरोखरीचा. सोफिया लॉरेनने १९५४ च्या एका चित्रपटात याच कामातली मुलगी रंगवली होती; कोमाक्योच्या बाहेर या धंद्याची ओळख बहुतेकांना तेवढीच.

इमारतीत पाणी थेट आत येतं. छपराखालच्या धक्क्याला होडी लागते, तिथे वजन, तिथेच निवड. कुऱ्हाडीने ओंडक्यावर डोकं आणि शेपटीचं टोक उडवतात, आणि मोठ्या वामीचे बोटभर लांबीचे तुकडे पाडतात. कातडी काढत नाहीत. कातडीच तुकडा एकसंध धरून ठेवते, आणि तिच्याखालचीच चरबी हवी असते. बुळबुळीत चिकटा मात्र आधी जायला हवा. घरी करायचं तर जाडं मीठ किंवा राख लावून खसाखसा चोळायचं आणि धुवायचं. हे करताना हाताला जखम नको, डोळ्याला हात नको. वामीच्या कच्च्या रक्तात विष असतं, डोळ्यात गेलं तर आग होते. शिजवल्यावर ते निकामी होतं. म्हणूनच जपानमध्येसुद्धा ही सहसा कच्ची खात नाहीत.

मग बायका तुकडे लांब लोखंडी शिगांवर ओवतात. 'साला देई फुओकी', म्हणजे चुलींचं दालन, तिथे भिंतीने ओळीत बारा चुली. लाकडाचा जाळ, त्यापुढे शिगा एकावर एक आडव्या, आणि त्या फिरवत, वरखाली बदलत राहायचं. बाहेरून तेल लागत नाही. चरबी वितळते, कातडीतून बाहेर येते, मांस तिच्यातच भाजतं आणि उरलेली खालच्या पन्हळात गळते. घाई केली तर कातडी करपते आणि आत चरबी तशीच राहते. ती पुढे व्हिनेगरमध्ये खवट होते आणि अख्खं पिंप वाया जातं. भाजण्याचा हेतू शिजवणं हा दुय्यम. चरबी काढून टाकणं हा मुख्य. बारा चुलींसमोर दिवसभर बसणाऱ्या बायकांच्या चेहऱ्याचं काय होत असेल, हे त्या दालनात पाच मिनिटं उभं राहिलं तरी समजतं. शेजारी बोटभर चंदेरी आक्वादेल्ला मासे तळत असतात. तेही याच खारात जातात.

भाजलेले तुकडे पूर्ण निवू द्यायचे. गरम असताना व्हिनेगरमध्ये टाकले की मांस सुटून चोथा होतो. 'साला देल्यी आचेती' या दुसऱ्या दालनात मोठाले लाकडी हौद: पांढऱ्या वाइनचं व्हिनेगर, पाणी आणि चेर्व्याचं मीठ. चेर्व्या हे रावेन्नाच्या खालचं मिठागराचं गाव. स्वतःचं मीठ गेल्यावर शेजाऱ्याचं. तुकडे पिंपात किंवा डब्यात घट्ट रचून, मधे लॉरेलची पानं (आपल्या तमालपत्राची लांबची नातलग, वास वेगळा), वरून हे खारवण काठोकाठ. एक तुकडा जरी वर उघडा राहिला तरी तिथून बुरशी धरते. आंबटपणा पुरेसा असला की घातक जंतू वाढत नाहीत; व्हिनेगरमध्ये पाणी वाढवून काटकसर करणं इथे महागात पडतं. डबा लगेच फोडायचा नसतो. काही दिवसांनी आंबट आत मुरतो, चरबी सौम्य होते, आणि मग जे लागतं ते आपल्या लोणच्यातल्या सुरमईच्या फार जवळ जातं. फक्त मसाला नाही आणि धुराचा वास आहे.

ताजी वाम गावात दोन तऱ्हांनी खातात. विस्तवावरची: पाठीतून उघडून मधला काटा काढायचा, तेल न लावता आधी कातडीची बाजू निखाऱ्यांकडे, चरबी गळून कातडी कुरकुरीत होईतो, मग क्षणभर उलटी. उलटा क्रम केला तर मांस कोरडं आणि कातडी चिवट. दुसरी रश्शाची, 'ब्रोदेत्तो': भरपूर कांदा, व्हिनेगर, थोडा टोमॅटो, त्यात कातडीसकट तुकडे. यात पळी घालायची नाही. भांडं दोन्ही कानांनी धरून हलवायचं, नाहीतर तुकडे फुटतात. सोबत मक्याच्या पिठाची पोलेंता आणि फोर्ताना ही समुद्राकाठच्या वाळूत वाढणाऱ्या द्राक्षांची तांबडी, आंबट वाइन. नुसती प्यायला ती कुणाला फारशी आवडू नये. या चरबीवर मात्र तिच्याशिवाय दुसरी चालत नाही.

विसाव्या शतकाने वाल्लीचा मोठा भाग गिळला. मलेरिया आणि भूक यांच्यावरचा उपाय म्हणून पाणी उपसून शेतं करायची, हे धोरण. १९२२ मध्ये वाल्ले त्रेब्बा कोरडी करताना चिखलातून रोमनांआधीच्या एट्रस्कन लोकांची थडगी निघाली. ग्रीक लेखकांनी नोंदलेलं, नंतर हरवलेलं स्पीना बंदर सापडलं होतं. इसवीसनापूर्वीच्या सहाव्या शतकाच्या अखेरीपासून तिसऱ्यापर्यंत गजबजलेलं. चार हजारांहून जास्त थडगी आणि त्यांत अथेन्सहून आलेली चित्रांची भांडी. ती आता फेराराच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. १९८० मध्ये गावालगतचा एक चर साफ करताना रोमन जहाज निघालं, सुमारे वीस मीटरचं, इसवीसनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या अखेरचं. त्यात शिशाच्या १०२ विटा, त्यांवर ऑगस्टसचा सेनापती आग्रिप्पा याचा शिक्का, आणि जहाजाच्या काही फळ्या चक्क दोरीने शिवलेल्या. खिळ्यांऐवजी शिवलेली जहाजं म्हटलं की आपल्याला अरबी समुद्र आठवतो. एड्रियाटिकच्या खाजणांतही तीच पद्धत होती. जहाजावरचा माल आता गावातल्या जुन्या रुग्णालयाच्या इमारतीतल्या संग्रहालयात मांडला आहे.

सर्वांत मोठा घाव मेझ्झानो नावाच्या वाल्लेचा. १९५० च्या दशकाअखेरीपासून १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत सुमारे अठरा हजार हेक्टर पाणी पंपांनी उपसलं. आज तिथे समुद्रसपाटीच्या तीन-चार मीटर खाली मका नि गहू आहे, घरं जवळजवळ नाहीत, आणि पंप थांबले तर पाणी परत येईल. पाण्याखालची कुजट माती कोरडी झाली की खचते, म्हणून शेत दरवर्षी किंचित खाली आणि पंपाचं बिल वर. जमिनीची भूक असलेल्यांना जमीन मिळाली, यात खोट नाही. पण मासळीचं घर निम्म्याहून जास्त गेलं.

आणि मग मासळीच येईनाशी झाली. युरोपभर समुद्रातून नद्यांकडे चढणारी काचपोरं १९६० आणि ७० च्या दशकांच्या तुलनेत दहा टक्क्यांच्याही खाली आली. धरणं, प्रदूषण, पोहण्याच्या पिशवीत शिरणारा परदेशी कृमी, बेसुमार पकड: कारणं एकात एक गुंतलेली. कोमाक्योच्या पाण्यात वर शेवाळाचा गढूळपणा आणि पाणकावळ्यांचे थवे. २००७ मध्ये युरोपीय संघाने नियम केला की माणसाचा हात लागला नसता तर जितकी चंदेरी वाम समुद्रात गेली असती, त्याच्या निदान ४० टक्के जाऊ द्यायची. २००८ पासून ही जात अतिसंकटग्रस्तांच्या यादीत आहे. शरद ऋतूत गावात वामीची जत्रा भरते, त्रेप्पोंतीखाली धूर निघतो, पण थाळीतली वाम बऱ्याचदा तळ्यात पोसलेली असते. शेजारच्या गोरोत शिंपल्यांवर जगणाऱ्यांना २०२३ पासून अमेरिकेहून आलेल्या निळ्या खेकड्याने रडकुंडीला आणलंय. तो खेकडा वाल्लीच्या दारापाशीही आहे.

लावोरिएरो मात्र चालू आहे. अमावास्येच्या वादळी रात्री झडप उचलली की थंड पाणी आत येतं आणि जितकी उरली तितकी वाम अजूनही त्या पाचरींत शिरते. फरक सकाळी पडतो. झोळीत आलेल्या चंदेरी माद्यांचा डोळा मोजतात, छातीचा पर मोजतात. डोळा पुरेसा मोठा आणि पर पुरेसा लांब म्हणजे ती निघायला तयार झाली. अशांतल्या काहींना हौदात घालून सापळ्याच्या पलीकडच्या बाजूला नेतात आणि समुद्राच्या पाण्यात सोडतात. आतडं मिटलेलं असतं, त्यामुळे वाटेत काही खायला मिळेल का हा तिचा प्रश्नच नसतो.